राम आळीच्या मागचं ऑलिव्ह-खजूरवालं दुकान: आगोटीला (पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीला) निघालात तर एकदा आत शिराच

दुकानाला नाव असं काही नाही, पाटीवर नुसतं 'सुका मेवा, खजूर व मसाले' एवढंच रंगवलंय आणि तेही अर्धं पुसलंय, त्यामुळे रत्नागिरीतल्याच बऱ्याच जणांना माहीत नाही की आत काचेच्या आणि चिनी मातीच्या बरण्यांमधे खारातली ऑलिव्ह, सुमाक, झातर (तीळ घातलेला अरबी मसाला), ताहिनी (वाटलेल्या तिळाची पेस्ट), जर्दाळूची पोळी आणि नशीब असेल तर सुकवलेली गाबोळी (माशाची अंडी) सुद्धा मिळते. राम आळीतून मागच्या अंगाला निघालात की दोन वळणांवर आहे, कोणालाही खजूरवाले चाचा कुठे बसतात विचारा, सांगतील.

मी २३ वर्षं जहाजावर होतो, शेवटची ८ वर्षं चीफ कूक, आता कायमचा घरी. अलेक्झांड्रिया, पालेर्मो, पिरेअस, ट्युनिस ही बंदरं मी हातात पिशवी घेऊन फिरलोय, म्हणजे कार्गोला वेळ असला की बाकीची पोरं मॉल शोधायची आणि मी मासळी बाजार. त्यामुळे हा माल तिकडे कसा विकतात, कसा दिसतो, वास कसा असतो हे मला माहितीये, आणि गेले दोन महिने मी या दुकानात पाच-सहा वेळा जाऊन जवळजवळ सगळं चाखून, घरी आणून, शिजवून मगच लिहितोय.

आधी निकाल सांगतो. जा, नक्की जा, पण बरणीतला सुटा माल घ्यायला जा. बाटलीबंद, पाकीटबंद मालात दोन-तीन गोष्टी खटकल्यात, त्या खाली लिहितो.

आगोटीला का म्हणतोय ते आधी सांगतो, कारण माझ्या मते या दुकानाची खरी मजा तिथेच आहे. १ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंद, त्याच्या आधी मे महिन्यात आपण काय करतो, सुकट, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा, आमसुलं, आंबापोळी, खारातल्या कैऱ्या, मसाला, सगळं भरून ठेवतो. आता रोमन लोकांचा समुद्र पण असाच बंद व्हायचा, फक्त त्यांचा हिवाळ्यात, साधारण ११ नोव्हेंबर ते १० मार्च, तेव्हा वादळाच्या भीतीने जहाजं शक्यतो बंदरातून निघायची नाहीत. मग ते चार महिने काय खायचं? खारातली ऑलिव्ह, खारवलेले मासे, सुके अंजीर, खजूर, मिठाच्या पाण्यातलं चीज, तेल. आज जे 'मेडिटरेनियन फूड' म्हणून हॉटेलात महाग करून वाढतात त्यातलं निम्मं त्या लोकांची आगोट आहे. हे डोक्यात ठेवून दुकानात शिरलात की एकही वस्तू परकी वाटत नाही.

ऑलिव्हपासून सुरू करतो. चाचांकडे तीन प्रकारची सुटी ऑलिव्ह असतात, एक जांभळट-तपकिरी लांबट टोकाची, एक हिरवी जी दगडाने ठेचून लसूण, धणे आणि लिंबाच्या फोडींबरोबर मुरवलेली, आणि एक काळी सुरकुतलेली, जी पाण्यात नसून नुसत्या कोरड्या मिठात ठेवून केलेली असते. लोकांची पहिली तक्रार असते की ऑलिव्ह कडू लागतं. तर झाडावरचं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू असतं, त्यात ओलियुरोपिन नावाचं द्रव्य असतं, ते मिठाच्या पाण्यात आठवडे-महिने पडून हळूहळू उतरतं, तेव्हा ते खाण्यालायक होतं. म्हणजे ऑलिव्ह हे फळ म्हणून कोणी खातच नाही, ते लोणचं म्हणूनच खाल्लं जातं. आपल्याकडे भोकराचं लोणचं ज्यांनी खाल्लंय त्यांनी ते ठेचलेलं हिरवं ऑलिव्ह तोंडात टाकून बघा, बी भोवतीचा तो गर दाताने ओरबाडून खायची सवय तुम्हाला आधीपासूनच आहे. माझ्या आईने (वय ८१, तिने हे आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं) पहिलं ऑलिव्ह चघळून बी बाहेर काढलं आणि म्हणाली, भोकरंच आहेत की रे, मोहरी घालायची राहिली.

ऑलिव्हची लागवड पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन, इस्रायलच्या पट्ट्यात सहा-सात हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. तिथून फिनिशियन लोकांनी, जे आपल्या खारव्यांसारखे पक्के दर्यावर्दी, त्यांनी आपल्या जहाजांबरोबर ती पश्चिमेला नेली, आजच्या ट्युनिसजवळ कार्थेज वसवलं, स्पेनमधे कादिझ वसवलं आणि जिथे गेले तिथे ऑलिव्ह, द्राक्षाचा वेल आणि मासे खारवायची विद्या नेली. ग्रीकांकडे तर गोष्टच आहे की अथेन्स शहर कोणाचं यावरून अथेना देवी आणि समुद्राचा देव पोसायडन यांच्यात पैज लागली, त्याने खडकातून खारं पाणी काढलं, तिने ऑलिव्हचं झाड दिलं आणि ती जिंकली. आणि हा जो हरलेला पोसायडन आहे ना, त्याची एक छोटी ब्राँझची मूर्ती आपल्या कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलीये, टाऊन हॉलच्या म्युझियममधे आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. आंबा घाट उतरायच्या आधी कधी कोल्हापुरात वेळ मिळाला तर तुम्ही पण बघा.

एक कामाची गोष्ट. टिनच्या डब्यात मिळतात ती एकसारखी कुळकुळीत काळी ऑलिव्ह, पिझ्झावर गोल चकत्या असतात ती, ती झाडावर पिकून काळी झालेली नसतात, कच्च्या फळाला कारखान्यात हवेने काळं करतात आणि रंग टिकायला फेरस ग्लुकोनेट घालतात. खायला काही हरकत नाही पण चव पाण्यासारखी. चाचांच्या बरणीतली बघा, एक फिकट, एक गडद, एखादं डागाळलेलं, हाताने तोडलेलं फळ असंच दिसतं. सुटी ऑलिव्ह मी १०० ग्रॅमला ९० ते १२० रुपयांनी घेतली, आणि घेताना बरणीतलं पाणी पण मागून घ्या, पाण्यात बुडालेली राहिली पाहिजेत नाहीतर आपल्या दमट हवेत चार दिवसांत वर बुरा धरतो.

आता तेल. इथे दुकानाचा पहिला दोष. ऑलिव्ह ऑइलच्या बाटल्या दर्शनी काचेच्या कपाटात ठेवल्यात, आणि तिथे दुपारी तीननंतर थेट ऊन येतं. या तेलाचे शत्रू तीन, ऊन, उष्णता आणि हवा. मी एक बाटली घेतली, फोडली आणि जुन्या शेंगदाण्याला येतो तसा खवट वास आला. मागे एकदा ऑनलाइन मागवलेल्या डब्याचंही हेच झालं होतं, तेव्हा कोणी फोनसुद्धा उचलला नाही. इथे मात्र दुसऱ्या दिवशी चाचांकडे नेऊन दिली, त्यांनी वास घेतला, एक शब्द न बोलता पैसे परत दिले आणि मी पुढच्या वेळी गेलो तर बाटल्या आतल्या फडताळात हलवलेल्या होत्या. तरी अजून जुना साठा मिसळलेला असू शकतो, तेव्हा गडद काचेची बाटली आणि त्यावर पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका.

खवटपणावरून आठवलं. रोममधे एक टेकडी आहे, मोंते टेस्टाच्चो, साधारण ३५ मीटर उंच, आणि ती नैसर्गिक नाही तर फुटक्या मातीच्या भांड्यांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून तेल यायचं ते अँफोरा नावाच्या मोठ्या दोन कानांच्या रांजणातून, एकात ७० लिटरच्या आसपास. दारूचा रांजण परत वापरता यायचा पण तेलाचा नाही, कारण माती तेल पिते आणि ते आत खवट होतं, नवीन तेल ओतलं तर तेही बिघडवतं. म्हणून रिकामा रांजण फोडायचा आणि ढिगावर रचायचा, शेकडो वर्षं हे चाललं आणि टेकडी झाली. एवढ्या लोकांनी खवट वासासाठी कोट्यवधी रांजण फोडले, तर आपण निदान बाटली सावलीत ठेवूया! आणि हे रांजण आपल्या किनाऱ्याला नवीन नाहीत, घारापुरीला अशा अँफोरांचे तुकडे मिळालेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासाच्या वहीत, 'पेरिप्लस' म्हणतात तिला, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं नावानिशी आहेत, चौलला तो सेमुल्ला म्हणतो. इकडे दारू यायची, तांबं, कथील यायचं, आणि इकडच्या किनाऱ्यावरून मिरी जायची. इजिप्तमधे तांबड्या समुद्रावर बेरेनिके म्हणून जुनं बंदर खणून काढलंय, तिथे देवळात एका भारतीय मडक्यात साडेसात किलो काळी मिरी तशीच्या तशी मिळाली, आणि नारळाच्या करवंट्या पण मिळाल्यात. करवंट्या! म्हणजे त्या बंदरात कोणीतरी नारळ फोडून खाल्लाय दोन हजार वर्षांपूर्वी, मला हे वाचल्यापासून इतकं आपलं वाटतं की काय सांगू.

माशांचं आता, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

चाचांचा पुतण्या आखातात असतो, तो वर्षातून एकदा-दोनदा बोत्तार्गा आणतो, म्हणजे बोय माशाची गाबोळी, अख्खी, दोन्ही पाकळ्या जोडलेल्या तशाच ठेवून मीठ लावून, फळ्यांमधे दाबून, वाऱ्यावर सुकवलेली. नाव इटालियन वाटतं पण ते अरबी 'बतारिख'वरून आलं, आणि इजिप्तमधे अजून बतारिखच म्हणतात. तिथल्या पिरॅमिडच्या काळातल्या थडग्यांच्या भिंतींवर कोळी मासे फाडून गाबोळी बाजूला काढतायत अशी चित्रं कोरलेली आहेत, म्हणजे साडेचार हजार वर्षं तरी हा धंदा चाललाय. मला मिळाली ती तळहाताएवढी, मधाच्या रंगाची, उन्हासमोर धरली तर आरपार उजेड दिसतो आणि बारीक बारीक दाणे दिसतात. वरचं पातळ साल नखाने सोलायचं, सुरीने कागदासारखी पातळ चकती काढायची आणि भातावर किंवा लोणी लावलेल्या पावावर ठेवायची. पहिल्यांदा मीठ लागतं, मग तेलकट गोडसर असं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी खाडीचा वास येतो, भरती उतरल्यावर भाट्याच्या पुलावरून जाताना येतो ना तोच. आमची आजी सुरमईच्या गाबोळीला मीठ लावून सुपात वाळवायची, पावसात चुलीच्या निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर द्यायची. चव वेगळी पण हात एकच. किंमत मात्र जड आहे, एका जोडीला २,२०० रुपये दिले, पण किसून वापरली तर चौघांच्या घरी दोन महिने पुरते.

आणि हे दुकानात मिळत नाही पण चाचा म्हणालेत मागवून बघतो, ते म्हणजे अँचोव्हीचं पाणी. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला छोटा मासा. इटलीत अमाल्फीच्या किनाऱ्यावर चेतारा नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे हा मासा डोकी आणि घाण काढून चेस्टनटच्या लाकडी पिंपात मिठाचा थर, माशाचा थर असा रचतात, वर दगड ठेवतात, आणि किमान ९ महिन्यांनी पिंपाच्या तळाला भोक पाडून थेंब थेंब पाणी गोळा करतात, त्याला कोलातुरा म्हणतात, २०२० साली त्याला युरोपचा भौगोलिक नावाचा हक्क पण मिळाला. हा रोमन लोकांच्या गारुमचा वारस. गारुम म्हणजे मासे आणि त्यांची आतडी मिठात घालून उन्हात मुरवून काढलेलं पाणी, रोमन स्वयंपाकघरात ते आपल्या मिठासारखं सगळ्यात पडायचं. पाँपेईत उम्ब्रिसियस स्कॉरस नावाचा गारुमचा मोठा व्यापारी होता, त्याने आपल्या घराच्या चौकात जमिनीवर चक्क गारुमच्या सुरयांची मोझेक चित्रं काढून घेतली होती, ज्वालामुखीच्या राखेत ७९ साली गाडली गेली ती अजून आहेत.

आता विचार करा, मिरकरवाड्याला बांगडा खारवतात तेव्हा टोपलीतून जे लालसर पाणी गळतं ते आपण ओतून देतो. मी ओतून द्यायला चूक म्हणत नाही, आपली हवा वेगळी, आपली पद्धत वेगळी, आणि घरी असलं काही करायला जाऊ नका, मिठाचं प्रमाण चुकलं तर मासा विष होतो. पण एका किनाऱ्यावर जे गटारात जातं ते दुसऱ्या किनाऱ्यावर छोट्या बाटलीत घालून सोन्याच्या भावाने विकतात आणि त्या गावाचं पोट त्यावर चालतं, हे आपल्या मच्छी सोसायट्यांनी, फिशरीज कॉलेजने एकदा नीट बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुमाक. हे घ्याच, डोळे मिटून घ्या, १०० ग्रॅमला १४० रुपये. एका झुडपाच्या छोट्या लाल फळांची जाडसर भुकटी असते, आंबट, किंचित तुरट, रंग थेट आमसुलासारखा. रोमन लोकांच्या रोजच्या स्वयंपाकात लिंबू नव्हतं, ते श्रीमंतांच्या बागेतलं अपरूप होतं, तेव्हा आंबटपणाला व्हिनेगर आणि हे सुमाक. लिंबाच्या बागा पुढे अरबांनी पसरवल्या. मी सुमाक कांद्यावर मीठ घालून चोळलं आणि तळलेल्या मांदेलीबरोबर दिलं, ताट पुसून गेलं. सोलकढीत मात्र घालू नका, मी घालून बघितलं, रंग येत नाही आणि तळाला रेती बसल्यासारखं लागतं. सोलकढीला आपलं आगळच.

अरबांचं नाव निघालं म्हणून. ते ८२७ साली सिसिलीत उतरले, ८३१ ला पालेर्मो घेतलं, आणि त्यानंतर त्या बेटाचं जेवण बदललं. ऊस, लिंबू, कडू संत्रं, वांगं. पालेर्मोच्या बल्लारो बाजारात मी सकाळी सहाला गेलेलो, तिथे भाजीवाले अशा हेल काढून ओरडतात की मला क्षणभर वाटलं कोणी बांग देतंय, रस्त्यावर ताडपत्री, बर्फावर तलवारमासा, बाजूला ऑलिव्हची पिंपं, आणि एका टोपलीत वांगी. या वांग्याचा प्रवास तर ऐकाच. संस्कृतातलं वातिंगण, फारसीत बादिंगान झालं, अरबीत अल-बादिंजान, स्पॅनिशमधे बेरेन्हेना, पोर्तुगीज बेरिंजेला, आणि पोर्तुगीजांबरोबर परत आपल्याच किनाऱ्यावर येऊन इंग्रजीत ब्रिंजल! साखरेचं तसंच, शर्करा ते सुक्कर ते झुक्केरो. नारिंगाचं तसंच, नारंज ते अरान्चा. चाचांकडे भाजलेल्या वांग्याचं ताहिनी घातलेलं भरीत डब्यात मिळतं ते ठीक आहे, पण आपण भरीत घरी चांगलंच करतो, त्यात दोन चमचे त्यांची ताहिनी घाला, डब्याला २८० रुपये घालवू नका.

ताहिनी उत्तम आहे, ४०० ग्रॅमची बाटली, ढवळली की एकजीव होते, कडवट नाही. तिळाचं माहेर भारतीय उपखंडच, हडप्पाला जळालेले तीळ मिळालेत, इथून तो मेसोपोटेमियात गेला, त्यामुळे संक्रांतीला तिळाचा लाडू खाणाऱ्याला ताहिनी समजवायची गरज पडू नये.

कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक वळलेले दाणे, घेतलं, ते चांगलं निघालं. मूळ उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचं, २०२० ला अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांनी मिळून युनेस्कोच्या यादीत घातलं. सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानी आहे, तिथे ते माशाच्या रश्श्याबरोबर खातात, भोकाच्या मातीच्या भांड्यात वाफवतात आणि दोन भांड्यांमधली फट कणकेने लिंपतात म्हणजे वाफ जाऊ नये. माझ्याकडे ते भांडं नाही, मी मोदकपात्रात पातळ फडकं घालून वाफवलं, फटीला कणीक लावली, आणि वर ओतला बांगड्याचा तिरफळाचा पातळ रस्सा. पाकिटावर लिहिलंय तसं नुसतं गरम पाणी ओतून पाच मिनिटं ठेवू नका, लगदा होतो. वीस मिनिटं वाफ, मग हाताने तेल चोळून गुठळ्या मोडायच्या, परत पंधरा मिनिटं वाफ. दाणा दाणा सुटा होतो आणि रस्सा पिऊन फुगतो. बायको म्हणाली सांज्यासारखं दिसतं पण खाल्लं भातासारखं जातं. तिकडच्याच शेवया-पास्त्याबद्दल सांगायचं तर अल-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलवाल्याने ११५४ मधे लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळ त्राबिया गावात 'इत्रिया' म्हणजे सुक्या शेवया करतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात. सुकी शेवई जहाजासाठीच जन्मली असावी असं मला कूक म्हणून नेहमी वाटत आलंय, ती बिघडत नाही, हलकी असते आणि खवळलेल्या समुद्रात सुद्धा एका पातेल्यात होते.

जर्दाळूची पोळी, कमरुद्दीन म्हणतात, नारिंगी कागदात गुंडाळलेली. उघडलीत की आंबापोळीच, तीच चकाकी, तसाच दाताला चिकटणारा पातळ थर, फक्त जास्त आंबट. सीरियात दमास्कसच्या बागांमधली प्रसिद्ध, रमजानमधे पाण्यात भिजवून त्याचं सरबत करून उपास सोडतात. पोरांना द्या, लगेच संपते.

खजूर आणि अंजिरावर मी फार लिहीत नाही, चाचांचा तोच मुख्य धंदा आहे, ते स्वतः चार जाती हातात ठेवतात आणि म्हणतात, "आधी खा रे भाऊ, मग भावाचं बोल." मेजूल मऊ आणि ताजे होते.

आता दोष. फेटा घेऊ नका. फेटा हे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं चीज आहे, तेच त्याचं सगळं तंत्र, आणि इथे ते कोरडं प्लास्टिकमधे गुंडाळून फ्रीजमधे ठेवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. शिवाय बारीक अक्षरात बघितलं तर गाईच्या दुधाचं. ग्रीसचा खरा फेटा म्हणजे किमान ७० टक्के मेंढीचं दूध आणि उरलेलं शेळीचं, २००२ पासून युरोपात तसा कायदाच आहे. गाईचं चीज म्हणून विका, कोणाची हरकत नाही, पण नाव ते लावू नका. हा दोष चाचांचा नाही, पॅक करणाऱ्यांचा आहे.

तसंच उन्हात सुकवलेल्या टोमॅटोच्या बाटलीवर 'प्राचीन रोमन पाककृती' छापलंय. हे मला अजिबात पटलं नाही. टोमॅटो अमेरिकेतला, कोलंबस १४९२ ला तिकडे पोचला त्याच्यानंतर तो युरोपात आला, एकाही रोमन माणसाने टोमॅटो बघितला नव्हता. ट्युनिशियाच्या हरिसातली (हरिसा म्हणजे तिकडचं मिरचीचं वाटण) मिरची पण तशीच, आणि आपली मिरची सुद्धा पोर्तुगीजांनीच आणलेली. टोमॅटो चवीला छान आहे, हरिसा तर फारच छान, पण या किनाऱ्यावर जे खरंच हजारो वर्षं टिकलंय, मीठ, ऊन, वारा आणि तेल, ते बरणीत समोर असताना खोटं जुनेपण छापायची गरज काय? मी मुलाला, म्हणजे चाचांच्या धाकट्याला, तो काउंटरला असतो, हे सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि लेबलचा फोटो काढून कंपनीला पाठवला.

पहिल्यांदा जाणार असाल तर ठेचलेली हिरवी ऑलिव्ह २०० ग्रॅम, सुमाक १०० ग्रॅम, ताहिनीची एक बाटली आणि कमरुद्दीन एवढं आणा, साधारण हजाराच्या आसपास होईल. स्वतःचा डबा न्या, पातळ पिशवीत खारं पाणी गळतं. सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, शुक्रवारी दुपारी बंद. यूपीआय चालतं. दुकान छोटं आहे, एका वेळी तीन माणसं उभी राहतात, बाहेर गाडी लावायला जागा नाही, चालत जा.

आणि लवकर जा, कारण पहिला पाऊस लागला की चाचा बरण्या आतल्या खोलीत नेतात आणि सुटा माल गणपतीपर्यंत विकत नाहीत, झाकण उघडझाप केलं की बुरा येतो म्हणून. आईने पुढच्या गाबोळीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय, चाचांनी वहीत लिहून घेतलंय, आमच्या आधी तिघांची नावं आहेत.